आठव्या आणि नवव्या थरामधली रात्र

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना आहे आणि त्यात आम्ही काचतंतू व इपॉक्सी, म्हणजे त्यांना चिकटवून घट्ट होणारे रेझिन, यांच्या पट्ट्या, पत्रे असे विजेच्या उपकरणांना लागणारे भाग हाताने थर चढवून घडवतो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात स्विचगिअर बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने ५ मिलिमीटर जाडीच्या आधारपट्ट्यांची ऑर्डर देताना पत्रात एक ओळ घातली होती की मालासोबत फ्लेक्शुरल स्ट्रेंग्थचा, म्हणजे वाकवून तोडण्याच्या ताकदीचा, अहवाल जोडावा आणि ती ताकद ७०० मेगापास्कलपेक्षा कमी नसावी. तोवर आमच्याकडे ताकदीची परीक्षा म्हणजे पट्टी दोन विटांवर ठेवून तिच्यावर एकाने उभे राहणे एवढीच होती आणि त्या परीक्षेत आमची कोणतीही पट्टी कधी नापास झालेली नव्हती.

शहरातल्या एका चाचणी प्रयोगशाळेकडे पत्र्याचा तुकडा पाठवला आणि आठवड्याने एक पानाचा अहवाल आला. पाच पट्ट्यांची सरासरी ताकद ५८५ मेगापास्कल आणि मॉड्युलस, म्हणजे ताठरपणाचा आकडा, २९ गिगापास्कल. म्हणजे माल नापास. भागीदाराचे म्हणणे असे की रेझिन बदलू, कापड बदलू, पुन्हा पाठवू. मला मात्र ताकदीपेक्षा मॉड्युलसचा आकडा जास्त खटकला. ताकद कमी भरायला हजार निमित्ते असतात, एखादा बुडबुडा किंवा कडेवरचा एखादा चिरा पुरतो, पण ताठरपणा हा सगळ्या तंतूंनी मिळून दिलेला असतो आणि त्याचा हिशेब कागदावर आधीच मांडता येतो. आमच्या पत्र्यात एका दिशेच्या काचकापडाचे सोळा थर होते, प्रत्येक थर दर चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाचा. काचेची घनता २.५४ धरली तर सोळा थरांची निव्वळ काच अडीच मिलिमीटर जाडीची होते, म्हणजे ५ मिलिमीटरच्या पत्र्यात निम्मी काच आणि निम्मे रेझिन. आमच्या काचेचा, म्हणजे ई-ग्लासचा, मॉड्युलस ७२ च्या आसपास आणि इपॉक्सीचा ३ धरल्यास तंतूंच्या दिशेने साधारण ३७ गिगापास्कल यायला हवेत. आठ गिगापास्कल कुठे गळाले ते कळेपर्यंत कापड बदलण्यात अर्थ नव्हता.

आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या आणि दादासाहेब फाळके ज्यात शिकले त्या कलाभवनाच्या आवारात, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत, त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे सारी नोकरी निरनिराळ्या कारखान्यांच्या टेस्टिंग लॅबमध्ये यूटीएमपाशी, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रापाशी, उभे राहण्यात गेली. त्यांच्यापुढे अहवाल ठेवला तर त्यांनी तो उलटा करून टेबलावर पालथा घातला.

“तुकडे आणलेस का?”

“काका, अहवालात सगळे आकडे आहेत.”

“आकडे मग बघू. आधी तुकडे दाखव.”

सुदैवाने प्रयोगशाळेने तुटलेल्या पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिल्या होत्या आणि मी त्या गाडीच्या डिकीतून अजून बाहेर काढल्या नव्हत्या. काकांनी पिशवी वर्तमानपत्रावर ओतली तेव्हा माझ्या प्रथमच लक्षात आले की ज्यांना आम्ही तुटलेल्या म्हणत होतो त्या पाचांपैकी एकही पट्टी तुटलेली नव्हती. सगळ्या जवळजवळ सरळ होत्या. खालच्या अंगाला एकही तंतू निसटलेला नव्हता आणि वरच्या अंगाला चाचणीच्या यंत्राचा रूळ जिथे दाबला होता तिथे फक्त पुसटसा पांढरा पट्टा होता. परंतु पट्टी आडवी धरून तिची कड खिडकीच्या उजेडात पाहिली की जाडीच्या बरोबर मध्यावरून, मधल्या दाबापासून एका टोकापर्यंत, पट्टीने आखल्यासारखी एक दुधी रेघ गेलेली दिसत होती. काकांनी पट्टीची दोन टोके धरून हलके वाकवले तसे त्या टोकाशी वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावरून केसभर पुढे सरकला, एक बारीक पायरी उमटली, आणि सोडताच पुन्हा मिटली.

वाकणाऱ्या पट्टीत काय चालते हे आपण शाळेपासून ऐकलेले असते, की वरचे अंग दाबले जाते, खालचे ताणले जाते आणि मधोमध एक पातळी अशी असते जिथे दाबही नसतो आणि ताणही नसतो. त्यामुळे मधली पातळी निवांत आहे असा समज होतो आणि माझाही तसाच होता. काकांनी नातवाच्या दोन वह्या मागवल्या, एकीवर एक ठेवून दोन्ही हातांनी वाकवल्या आणि वरच्या वहीची कड खालच्या वहीवरून कशी सरकते ते दाखवले. हे सरकणे जो रोखतो तो थरांमधला डिंक, म्हणजे आमचे रेझिन, आणि सरकवण्याचा जोर, ज्याला लॅबमध्ये शिअर म्हणतात, तो नेमका त्या निवांत वाटणाऱ्या मधल्या पातळीवर सर्वांत जास्त असतो. लोखंडाच्या पट्टीला याची फारशी फिकीर नसते, कारण ते सर्व दिशांना सारखेच. आमच्या पट्टीत लांबीच्या दिशेला काच आहे, पण थरा-थरांच्या मध्ये निव्वळ रेझिन आहे, आणि त्याची पकड तंतूंच्या ताकदीच्या विसाव्या हिश्शाइतकीसुद्धा नसते.

आता अहवाल पुन्हा सरळ करण्यात आला. काकांनी बोट ठेवले ते ताकदीवर नाही, वरच्या कोपऱ्यातल्या एका बारीक ओळीवर: स्पॅन ५१.२ मिलिमीटर, वेग मिनिटाला १.४ मिलिमीटर. प्लॅस्टिकच्या वाकण-चाचणीसाठी सर्वत्र वापरले जाणारे एएसटीएम डी ७९० हे मानक दोन आधारांमधले अंतर, म्हणजे स्पॅन, जाडीच्या १६ पट ठेवायला सांगते. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या नेहमीच्या नमुन्याची जाडी ३.२ मिलिमीटर असते आणि ३.२ ला १६ ने गुणले की ५१.२ येतात. म्हणजे प्रयोगशाळेने फिक्श्चर, अर्थात आधारांची मांडणी, जसे बसवलेले होते तसेच ठेवून त्यावर आमची ५ मिलिमीटरची पट्टी चढवली होती. वेगही त्याच जुन्या हिशेबातून आलेला होता. आमच्या पट्टीसाठी स्पॅन जाडीच्या फक्त १०.२ पट पडला.

याचा परिणाम सूत्रातून सरळ दिसतो. अशा तीन बिंदूंवरच्या, म्हणजे खाली दोन आधार आणि वर मधोमध एक रूळ असलेल्या, चाचणीत पृष्ठभागावरचा ताण आणि मधल्या पातळीवरचा शिअर यांचे गुणोत्तर स्पॅन भागिले जाडी यांच्या दुपटीइतके असते, त्यात साहित्य कोणते याचा संबंधच येत नाही. आधार जवळ आणावेत तसा तंतूंवरचा ताण शिअरच्या मानाने उतरत जातो. आमच्या चाचणीत हे गुणोत्तर २०.५ होते आणि ५८५ ला २०.५ ने भागले की २८.५ मेगापास्कल येतात. त्या पट्ट्या मधल्या पातळीवर सुमारे २८.५ मेगापास्कलच्या शिअरला उकलल्या, एवढेच त्या चाचणीने सांगितले होते. तंतू किती ताण सोसतात हा प्रश्न तिने विचारलाच नव्हता, तरी उत्तराचा रकाना भरला होता.

हरवलेले आठ गिगापास्कलही इथेच सापडले. आखूड स्पॅनवर पट्टी नुसती वाकत नाही, शिअरनेही थोडी खचते, आणि सूत्र ते सगळे खचणे वाकण्याच्या खात्यावर मांडते. आमच्या साहित्याला त्यामुळे सुमारे दहा टक्के घट येते. उरलेली घट यंत्राची. पट्टी किती खाली गेली हे प्रयोगशाळेने पट्टीखाली मापक लावून मोजले नव्हते, यंत्राचा वरचा आडवा दांडा किती खाली आला त्यावरून धरले होते. पट्टी आखूड आणि ताठ असली की यंत्राचा सांगाडा, फिक्श्चरचे खाचे, रुळाखाली पट्टीत पडणारा खळगा हे सगळेही आपापल्या परीने थोडे दबतात आणि तो सारा दोष पट्टीच्या माथी येतो.

प्रयोगशाळेकडे गेलो तेव्हा वाद असा झाला नाही. “तुम्ही स्पॅन लिहून दिला नव्हता,” हे त्यांचे म्हणणे आणि ते खरेही होते. चाचणी मागताना मी मानकाचा क्रमांकसुद्धा लिहिला नव्हता, नुसते ‘बेंडिंग टेस्ट’ लिहिले होते.

दुसऱ्या खेपेला पट्ट्या मी स्वतः कापल्या. त्याच पत्र्याचा उरलेला भाग घेतला आणि या वेळी तंतूंच्या साहित्यासाठीच लिहिलेले डी ७२६४ हे मानक धरले, ज्यात स्पॅन जाडीच्या ३२ पट असतो. म्हणजे १६० मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंना आधारापलीकडे थोडी शेपटी राहावी म्हणून २०० मिलिमीटर लांबी व १३ मिलिमीटर रुंदी. कापण्याचे काम हिऱ्याच्या चकतीवर, सतत पाणी सोडत, आणि तंतूंच्या दिशेशी चकती अगदी समांतर ठेवून करावे लागते, कारण कड तिरकी गेली की तंतू मध्येच छाटले जातात. पाणी असूनही काचेची भुकटी मनगटापर्यंत पोहोचतेच. पहिल्या दिवशी मी घरी येऊन गरम पाण्याने हात धुतले आणि रात्रभर खाजवत बसलो. कारागिरांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते की आधी थंड पाण्याची धार, चोळायचे नाही. त्यानंतर कडा ओल्या पॉलिश पेपरवर आधी ४०० आणि मग ६०० नंबरने घासल्या. सर्वांत जास्त वेळ मात्र मायक्रोमीटरने घेतला. हाताने घडवलेल्या पत्र्याची जाडी जागोजाग ४.८ पासून ५.२ पर्यंत बदलते, आणि ताकदीच्या सूत्रात जाडीचा वर्ग येतो व मॉड्युलसच्या सूत्रात घन, म्हणून ४.८ च्या पट्टीची जाडी ५ लिहिली तर ताकद आठ टक्के आणि मॉड्युलस बारा टक्के कमी निघतो. प्रत्येक पट्टी मधोमध तीन ठिकाणी मोजून तिच्यावर मार्करने आकडा लिहिला.

ही चाचणी एका महाविद्यालयाच्या लॅबमध्ये झाली आणि मी पूर्ण वेळ यंत्रापाशी उभा होतो. स्पॅन बदलला की वेगही बदलतो, कारण पृष्ठभागावरचे तंतू दर मिनिटाला ठरावीक प्रमाणात ताणले जावेत असा डी ७९० चा हिशेब आहे. काकांनी वेग त्याच हिशेबाने काढून दिला आणि तो १६० मिलिमीटर स्पॅनला मिनिटाला साडेआठ मिलिमीटर निघाला. रूळ खाली येऊ लागला तशी पट्टी धनुष्यासारखी वाकू लागली. पहिले मिनिटभर काहीच ऐकू आले नाही. मग कढईत मोहरी तडतडावी तसा, पण फार बारीक, आवाज सुरू झाला, रुळाच्या खाली दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेघा फुटू लागल्या, आणि सतरा मिलिमीटर खाली गेल्यावर मोठा कडाका होऊन खालच्या अंगाचे तंतू केरसुणीसारखे पिंजारून बाहेर आले. भार सुमारे १००० न्यूटन, म्हणजे शंभर किलोच्या आसपास. पहिल्या प्रयोगशाळेत हाच पत्रा अडीच पट भाराला उकलला होता आणि तरीही अहवालात अशक्त ठरला होता, हे गणिताने समजले असले तरी डोळ्यांनी पाहिल्यावर जरा वेगळे पटले.

सतरा मिलिमीटर म्हणजे स्पॅनच्या दहाव्या हिश्शाहून जास्त. इतके वाकल्यावर पट्टीचा आकारच बदललेला असतो, त्यामुळे साध्या सूत्राला एक दुरुस्तीचा गुणक लावावा लागतो. साध्या सूत्राने ७४० आले, दुरुस्तीने त्यात सुमारे पाच टक्के भर पडून ७८० मेगापास्कल झाले. मॉड्युलस ३७. उरलेला एक तुकडा मफल भट्टीत ५६५ अंशांवर ठेवून रेझिन जाळले, तर मागे पांढरी काच राहिली, तिचे थर चिमट्याने एकेक करून उचलता आले आणि ते सोळाच निघाले. वजनाने काच ६९ टक्के होती, आणि कागदावरचा हिशेबही तेवढाच होता.

मी पेढे घेऊनच वरच्या मजल्यावर गेलो. काकांनी पेढा खाल्ला आणि जुनी प्लास्टिकची पिशवी मागितली.

त्यांचा प्रश्न असा होता की आखूड स्पॅनवर शिअरने उकलणे समजले, पण २८.५ हा आकडा इतका कमी का? नीट घडवलेल्या काच-इपॉक्सीच्या पत्र्याचे थर चाळिशीच्या पुढे सहज टिकतात. दुसरे असे की पहिल्या अहवालातले पाचही आकडे ५७६ आणि ५९४ यांच्या मध्ये होते. हाताने केलेल्या कामात इतकी एकवाक्यता आली की मला ती कौतुकाची वाटली होती. काकांना ती संशयाची वाटत होती. त्यांनी घड्याळजीचे भिंग डोळ्याला लावून एकेका पट्टीच्या कडेचे थर सुईच्या टोकाने मोजायला सुरुवात केली. मीही मोजले. पाचही पट्ट्यांत दुधी रेघेच्या वर आठ थर होते आणि खाली आठ. जाडी मधोमध भागली जाते तिथेच शिअर सर्वांत जास्त, म्हणून रेघ मध्यावर येणार हे मान्य, पण शिअर मध्याच्या एक थर वर किंवा खाली फारसा कमी होत नाही, आणि बुडबुडे कुठेही असू शकतात. तेव्हा एखादी तरी पट्टी सातव्या किंवा नवव्या थरावर उकलायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्या पत्र्याचे जॉबकार्ड काढले. जुलैतला शनिवार, संध्याकाळ. कारागिराच्या अक्षरात, अर्धे गुजराती अर्धे मराठी, लिहिलेले होते: ‘८ थर पूरा. लाइट गई. बाकी उद्या.’ रविवारी सकाळी त्याने उरलेले आठ थर चढवले होते. त्याला बोलावून विचारले तेव्हा त्याने काहीही लपवले नाही. “सकाळी हात लावला तर वर थोडे तेलकट लागत होते, साहेब. पावसात लागतेच. मी ॲसिटोनने पुसून घेतले.”

तो तेलकटपणा म्हणजे काय ते मला माहीत असायला हवे होते. आमचा हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारे रसायन, अमाइन जातीचा, वजनाने शंभर भाग रेझिनला दहा भाग, आणि साध्या तापमानाला घट्ट होणारा. हवा दमट असली की रेझिन घट्ट होत असताना पृष्ठभागाशी आलेले अमाइन हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते आणि वर मेणचट पापुद्रा धरते. बडोद्यात जुलैच्या रात्री खिडकी उघडी ठेवून घट्ट होऊ दिलेल्या पत्र्यावर तो न धरला तरच नवल. तो पाण्यात विरघळतो, म्हणून कोमट पाण्याने धुवून काढायचा असतो. ॲसिटोनने पुसला तर बराचसा जागच्या जागी पसरतो. त्यावर नववा थर बसला आणि पत्र्याच्या पोटात, नेमक्या मध्यावर, एक शनिवारची रात्र कायमची राहून गेली.

खात्रीसाठी आम्ही तीन छोटे पत्रे मुद्दाम घडवले. एकात सोळाही थर सलग, दुसऱ्यात मध्ये एक पावसाळी रात्र आणि ॲसिटोन, तिसऱ्यात तीच रात्र पण सकाळी कोमट पाण्याने धुवून, घासणीने पृष्ठभाग खरवडून, वाळवून मग नववा थर. यांची चाचणी दोन्ही प्रकारांनी केली. थरांच्या पकडीसाठी डी २३४४ हे मानक आहे, ज्यात स्पॅन मुद्दामच जाडीच्या चौपट ठेवतात, म्हणजे आमच्या पट्टीला अवघे २० मिलिमीटर, आणि तुकडा बोटाच्या दोन पेऱ्यांपेक्षाही लहान असतो. त्यात सलग पत्रा ४६ मेगापास्कलला उकलला, रात्रीचा ३१ ला आणि धुतलेला ४३ ला. मग लांब स्पॅनवर वाकवले तर सलग ७९०, रात्रीचा ७७५, धुतलेला ७८५. म्हणजे मानकाप्रमाणे बिनचूक केलेल्या वाकण-चाचणीला आमच्या रात्रीचा पत्ताच लागत नव्हता. १६ पट स्पॅन ठेवला असता तरी लागला नसता, कारण आमच्या आकड्यांनी तंतू आधी तुटणार की थर आधी उकलणार याची सीमा १३ पटीच्या आसपास पडते. जो दोष उघडा पडला तो केवळ त्या पहिल्या प्रयोगशाळेने फिक्श्चर हलवण्याचा आळस केला म्हणून. त्यांनी चुकीच्या नावाखाली दुसरीच चाचणी केली होती आणि तीच आम्हाला हवी होती. हे मी त्यांना जाऊन सांगितले नाही.

भागीदाराचे म्हणणे होते की ७८० चा अहवाल हातात आहे, गिऱ्हाइकाने ७०० मागितले आहेत, माल देऊन टाकू. मी गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग पुढे ठेवले. पट्टीच्या दोन बोल्टांमधले अंतर ४५ मिलिमीटर आणि भार त्यांच्या मधोमध, म्हणजे जाडीच्या नऊ पट. त्या अंतरावर रात्रीची पट्टी तंतूंची ताकद वापरायच्या आधीच मधून उकलली असती. यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने भंगारवाल्याला फोन लावला, तर काचतंतूंचा भंगार तो फुकटसुद्धा घ्यायला तयार नव्हता. ते पत्रे आता आमच्या मागच्या शेडवर छपराला लागले आहेत.

नव्या पत्र्यांसाठी दोन गोष्टी ठरवल्या. सोळा थर एका बैठकीत होणार नसतील तर आठव्या थरावर पील-प्लाय, म्हणजे सोलून काढायचे नायलॉनचे कापड, बसवायचे, की दुसऱ्या दिवशी ते सोलताच पापुद्र्यासकट खाली कोरा, खरबरीत पृष्ठभाग मिळतो. आणि थांबायचेच झाले तर आठव्यावर थांबायचे नाही, तिसऱ्या किंवा तेराव्यावर थांबायचे. तिथे शिअर मध्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. जॉबकार्डावर ‘थर कुठे थांबला’ असा एक रकाना वाढला आहे आणि तो भरण्यावरून कारागिराची आणि माझी अजून अधूनमधून कुरबुर होते.

माल महिनाभर उशिरा गेला. सोबत मी दोन्ही अहवाल जोडले होते, वाकण-चाचणीचा आणि थरांच्या पकडीचा, दुसऱ्यावर स्पॅन आणि जाडी लाल शाईने अधोरेखित करून. चार दिवसांनी गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागातून पाकीट आले. पहिला अहवाल मिळाल्याची पोच होती, आणि दुसरा परत पाठवला होता, कोपऱ्यात शेरा मारून: ‘हा मागितलेला नाही.’ तो मी त्या शनिवारच्या जॉबकार्डाला टाचून ठेवला आहे.